उघाडीपाशी

पणजाचा बिल्ला पितळेचा. मागची पिन तुटलेली,
तिच्या जागी आज्याने जाळ्याचा दोरा ओवलेला.
जोमा हेंदर म्हात्रे, तळवलीचा पोलीस पाटील,
खाडीलगत सव्वा एकर खार जमीन:
बांधाच्या अलीकडे राता भात, पलीकडे भरती.

कायदा ठाण्याहून होडीने यायचा,
ओहोटी असली की यायचाच नाही.
तोवर चिंबोऱ्यांच्या बिळांवरून फुटलेली डोकी,
मिठागराची मजुरी घेऊन पळालेला मुकादम
हे सगळं तो गुडघाभर चिखलातूनच निस्तरायचा,
हातातला आवा खाली न ठेवता.

भाद्रपदातल्या उधाणाला
उघाडीच्या फळीला एक प्रेत अडकलं.
अनोळखी. उजव्या मनगटात कडं.
फौजदार येईस्तोवर हलवायचं नाही.
दोन रात्री तो कोल्हे हाकत बसला.
दुसऱ्या रात्री बांधाला खांड गेली,
नेमकी त्याच्याच शेताच्या तोंडाशी.
भात पोटरीला आलेलं.
माणसं बोंबलत आली. तो उठला नाही.
"बांदाला गाव हाय," म्हणाला, "याला कोन हाय?"

तीन वर्षं तिथे नुसतं मीठ फुललं.
पणजी त्यातलं एक वर्ष त्याच्याशी बोलली नाही.
पंचनाम्यात त्याचा अंगठा आहे,
कडं आहे, भरतीची वेळ आहे.
शेत नाही.

आता तिथे सेक्टरचा नाला, त्याला लोखंडी झडप.
उधाणाला ती कुरकुरते.
गाडी लावून घरी जाताना
मी एकदा कठड्यावरून वाकतो,
झडपेला काही अडकलंय का बघतो,
आणि अजून तरी
प्लास्टिकच असतं.