गमबूट

ऑक्टोबरात कास्त्रोच्या बाजारातून
खोक्याला भोकं पाडून आणली सहा पिल्लं.
बसमधल्या बाईनं विचारलं, काय आहे आत?
खोक्यानंच उत्तर दिलं.

कारखाना बंद पडून तेव्हा दोन महिने झाले होते.
चौदा वर्षं मी सॅल्मनची पोटं फाडली,
सरकत्या पट्ट्याशी उभी, पांढऱ्या गमबुटांत.
वाटलं, कोंबड्या म्हणजे काय मोठंसं.

पलीकडची एडेलमिरा कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली,
पाणी उथळ ठेव, बुडून मरतात.
दिवा फार खाली आला तर कडेला पळतील,
फार वर गेला तर एकमेकांवर चढतील.
थर्मामीटर कशाला, त्यांनाच विचार.

तिसऱ्या रात्री वीज गेली.
गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून खोक्यात ठेवली,
वर माझा स्वेटर.
सकाळी ढिगाच्या तळाशी एक चपटं झालेलं होतं,
काडेपेटीएवढं.
बटाट्यांच्या वाफ्यात पुरलं.
पाच.

आलिरोनं खुराडं बांधलं, जुन्या होडीच्या फळ्यांचं,
भोवती मासे पकडायचं जाळं.
बापाचं बघून शिकलेला, गाठी सुरेख मारतो.
रानमांजराला गाठींचं कौतुक नव्हतं.
चार.
मग उसनवारी करून लोखंडी जाळी आणली,
वीतभर जमिनीत गाडली.
हे एडेलमिरानं आधीच सांगितलं होतं.
तेव्हा मी मान डोलावली होती.

चारांतल्या तीन तलंगा.
चौथ्याला तुरा फुटला, मग आवाज फुटला,
आणि तो दिवसभर बाकीच्यांच्या मागं-पुढं फिरू लागला
हात पाठीशी बांधल्यासारखा,
दाणे टिपण्यात कोण मागं पडतं ते बघत.
मी त्याला फोरमन म्हणायला लागले.

पहाटे साडेतीनला ओरडायचा.
टोपलीखाली झाकला तर टोपलीतून.
शेवटी एडेलमिरा म्हणाली, आता रविवारी.
नाव नाही ना ठेवलंस त्याला?
म्हटलं, नाव नाही, नावं ठेवली फक्त.
ती हसली नाही. मोठं पातेलं घेऊन आली.

तिनं पाय धरले.
सुरी माझ्या हातात, हाताला सवय.
दिवसाला किती मासे, कधी मोजलेच नाहीत.
पण मासे गार असतात.
चौदा वर्षं त्या गारपणानं मला किती सांभाळलं
ते मला त्या मिनिटाला कळलं:
बोटांखाली त्याची मान ऊन होती,
आणि तिच्यात काहीतरी घाईघाईनं चाललं होतं.

तू बघू नकोस त्याच्याकडे, एडेलमिरा म्हणाली,
सुरीकडे बघ.
मी दोन्हींकडे बघितलं.

उकळत्या पाण्यात बुडवल्यावर पिसांचा जो वास येतो
तो केसांतून दोन दिवस गेला नाही.
रस्सा केला, बटाटे, भोपळा, मक्याचं कणीस.
मांस चिवट. आलिरोनं दोनदा घेतलं.
मी भोपळा खाल्ला,
मग एक मांडीही खाल्ली,
कारण ती टाकणं जास्त वाईट झालं असतं.

मार्चमध्ये एकदा गमबूट शोधत होते,
दाराबाहेर आडवा पडलेला एक.
हात आत घातला तर तळाशी काहीतरी ऊन.
पुन्हा ऊन.
बाहेर काढलं:
निळं, अपक्व आलुबुखारएवढं,
एका टोकाला रक्ताचा बारीक ठिपका.

कवच पातळ आहे, एडेलमिरा म्हणाली.
शिंपले भाज, कुट, घाल.
एवढंच. अभिनंदन वगैरे नाही.
पण अंडं मात्र परत द्यायला विसरली.

खुराड्यात गवत घालून तीन खोके मांडलेत,
स्वच्छ, कोरडे, अंधारे, सगळं सांगितल्याप्रमाणे.
तिघी आळीपाळीनं त्या बुटातच बसतात.
दुसऱ्या बुटाला विचारत नाहीत,
आणि मला एका पायानं चिखलात जाता येत नाही.

अंडी विकून पहिल्यांदा काय घेतलं,
तर नवे गमबूट.
या वेळी हिरवे.