सुटलेला काना

सहाव्या अंकात, पहिल्या पानावर
विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीची चौकट.
'एकूण मतदार' असं हवं होतं.
छापून आलं, 'एकूण मतदर : चारशे बारा.'

कँटीनमध्ये कोणीतरी मोठ्यानं वाचलं.
रसायनशास्त्राचा एक पोरगा म्हणाला,
'आमकां तर तिनशेंच दिले.'
हसले सगळे. मिरचीभजी संपली.
दुपारपर्यंत मी ताळगावच्या पठारावरचा
सगळ्यात धाडसी संपादक झालो होतो.

खरं तर धाडस त्याच पानावर, थोडं खाली,
करायचं राहून गेलं होतं.
अकरा वर्गप्रतिनिधी मतदानाआधी तीन दिवस
कोणालाच दिसले नव्हते.
विश्रांती वेळीप दोन बस बदलून काणकोणला गेली,
त्या बंगल्याच्या फाटकाचा रंगसुद्धा लिहून घेऊन आली.
ज्यात सगळ्यांचे फोन गोळा केले ती प्लॅस्टिकची बादली,
बाहेर उभ्या दोन गाड्यांचे नंबर.

मी बादली काढली. नंबर काढले.
'नेलं' होतं तिथं 'गेले' केलं
आणि मथळा दिला : प्रतिनिधींची सहल.
एका क्रियापदात किती जागा असते!
अख्खा पक्ष मावतो,
आमदाराच्या भाच्यासकट.

आदल्या दिवशी कुलसचिवांच्या कचेरीतून फोन आला होता.
धमकी नव्हती, चौकशी होती.
'बाबा, तुजी पीएचडीची मुलाखत जुलयांत न्हय?'
इतक्या मायेनं सख्खा मामाही विचारत नाही.

कामिलबाबचा छापखाना म्हापशात.
लग्नपत्रिका आणि मरणाच्या बातम्या
यांच्या मधल्या वेळात तो आम्हाला छापतो.
देवनागरी त्याला वाचता येत नाही.
म्हणतो, तुमची लिपी म्हणजे
दांडीवर वाळत घातलेले कपडे,
वारा आला की एखादा पडणारच.
आणि पठारावर वाऱ्याला काय तोटा?

पत्रं येतात.
मराठीत का काढता, कोकणीत का नाही?
कोकणीत काढलंत तर रोमीत का नाही?
एकानं इंग्रजीतून विचारलं होतं : काढताच कशाला?
त्याला उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.

आज सातव्या अंकासाठी शुद्धिपत्र लिहायला बसलो.
'मागील अंकात मतदार या शब्दातील काना
अनवधानाने सुटला. दिलगीर आहोत.'
वाचून दाखवलं.
विश्रांती मुद्रितं तपासत होती. मान वर न करता
तिनं माझा कागद ओढला
आणि 'अनवधानाने'वर लाल रेघ मारली.
'हांवें पळयल्लो,' म्हणाली. 'सोडलो.'

मग बराच वेळ नुसता पंखा.
खिडकीतून झुआरीवर एक बार्ज.
भरलेली की रिकामी,
ती पाण्यात किती बुडाली आहे त्यावरून कळतं म्हणतात.
मला कळत नाही.

तिची बातमी मी कापली
तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती.
दहा दिवस लोक माझी पाठ थोपटत होते,
तेव्हाही नाही.
मी मात्र प्रत्येकाला
'चालायचंच' म्हणत होतो,
जरा मान झुकवून,
जशी फोटोत झुकवतात.

'फाटकाचा रंग कुठला होता गं?'
तिनं उत्तर दिलं नाही. वही सरकवली.
पानाचा कोपरा आधीच दुमडलेला होता.

शुद्धिपत्राला जागा पाच ओळींची.
बादली, रंग, दोन नंबर, 'नेलं',
लहान टायपात बसवून पाहिलं,
सात होतात.
कामिलबाब आठला शटर ओढतो.