नाइस्तेपुना

आमच्या एस्तोनियात त्या फुलाला म्हणतात नाइस्तेपुना,
म्हणजे बायकांचं लाल.
फूल मात्र पिवळं, अंड्याच्या बलकासारखं.
कळी चिमटीत चुरडलीत की मग कळतं नाव.
बोटांचा रंग साबणाला दाद देत नाही.

हाप्सालूच्या या औषधांच्या दुकानात
मी एकतीस वर्षं उभी आहे.
नोव्हेंबरात इथे पावणेचारला अंधारतं,
समुद्र आणि आभाळ एकाच शिशातून ओतल्यासारखे,
आणि लोक येतात व्हिटॅमिन डी मागायला,
झोप मागायला.
काहीजण नुसतेच शेल्फसमोर उभे राहतात. दुकान उबदार असतं.

काइडी दर चौथ्या आठवड्याला यायची.
एकवीस गोळ्यांचं पाकीट, कधी खोकल्याच्या वड्या.
मी नियमाप्रमाणे विचारायचे,
"दुसरं काही औषध चालू आहे?"
"नाही," ती म्हणायची.
आणि ती खोटं बोलत नव्हती.

हिउमा बेटावरून बोटीनं यायची ती बाटली.
आईनं जूनमध्ये खुडलेली फुलं, व्होडकात बुडवून
खिडकीत ठेवलेली,
बिटाच्या पाण्याइतकी लाल होईपर्यंत.
सकाळ-संध्याकाळ एक चमचा, अंधारात मन बुडू नये म्हणून.
ते औषध कुठलं?
ते घरून आलेलं.
मोज्यांच्या जोडासोबत, सफरचंदाच्या मुरंब्यासोबत
वर्तमानपत्रात गुंडाळून.

मन हलकं झालं तिचं, हेही सांगायला हवं.
डिसेंबरात ती इथे, या वजनकाट्यावर उभी राहून
कशावर तरी मोठ्यानं हसली होती.

यकृत म्हणजे एक कष्टाळू कचेरी.
आलेल्या-गेलेल्याची नोंद, मग ज्याला त्याला वाटेला लावणं.
फुलानं तिथे जास्तीचे कारकून भरले.
आता गोळी येते तर तिला कुणी बसू देत नाही,
पाणीही न विचारता मागच्या दारानं बाहेर.
काइडीनं एकही चुकवली नव्हती.
पाकीट उलटं करून दाखवलं तिनं मला,
सोमवार, मंगळवार, बुधवार,
सगळे खळगे रिकामे.

मध्येच डाग लागला होता, म्हणाली,
वाटलं, थंडीनं असेल.
निरोप आला होता म्हणजे. लाल शाईत.
मला तो वाचता आला असता,
पण मला कुणी दाखवला नाही.
छे, हेही सारवासारव झाली. मी विचारलं नाही.

"आईला सांगू नका," ती एवढंच म्हणाली,
आणि फॉलिक अ‍ॅसिडचे पैसे सुटे मोजून दिले.

ऑक्टोबरात उकू जन्मला.
तेव्हापासून मी औषधांचं विचारत नाही आधी.
आधी विचारते, "घरून काय येतं?"
आणि बायका सांगतात. कशी सांगतात!
मुळ्या, पानं, कुणाच्या मावशीचा मलम,
नावं घेताना चेहरे उजळतात.

या जूनमध्ये लेइदा स्वतः आली, काइडीची आई.
सहा रिकाम्या बाटल्या हव्यात, तपकिरी काचेच्या.
उकूचा फोटो दाखवला. दोन दात.
"माझ्या फुलानं पोरगी सावरली,
आणि बघा, वर हा प्रसाद."

मी बाटल्या पुसल्या.
सांगायचं नाही, असा शब्द दिलेला.
लिहायचं नाही, असा नव्हता दिला.
प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली, माझ्या अक्षरात:
गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर हे घेऊ नका.

"चष्मा विसरले," ती म्हणाली. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. एकदाच, हळू.

तिनं उजव्या हाताची बोटं अंगठ्यानं मोजली,
ऑक्टोबरपासून मागे, मागे,
जानेवारीशी थांबली.
दारातून मोगऱ्याचा नव्हे, डांबराचा वास येत होता,
रस्ता दुरुस्त चालला होता बाहेर.

मग पिशवीत बाटल्या भरल्या. पाच.
सहावी तिनं काउंटरवर
माझ्याकडे सरकवली,
चिठ्ठीची बाजू खाली करून.