थोडी सैल

लिबेराता बार्रेटो कुडतरीहून येतात
साडेदहाच्या बसने,
गिटार मांडीवर उभी धरून, तिकीट एकच.
मडगावच्या जुन्या बाजारात माझं दुकान,
पंख्याखालची खुर्ची आपलीच, असं त्या धरूनच चालतात.

"बोटां आयकनात," म्हणाल्या,
आणि डावा हात काउंटरवर पालथा ठेवला
मोडलेली वस्तू दाखवावी तसा.
तर्जनी आल्यासारखी वळलेली, मधल्या बोटाला दोन गाठी.
आडवं बोट पडत नाही म्हणून
आधी एफ गेला. मग बी मायनर.
"आता सी पण जायला लागलाय,"
शेजारच्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

गिटारला बारा नंबरच्या तारा,
दुबईच्या पुतण्याने आणलेल्या,
त्यांवर धुणं वाळत घालावं इतक्या ताठ.

तीस वर्षं तारा विकतोय.
कुणाला आवाज मोठा हवा, कुणाला चमक,
कुणाला खाऱ्या हवेत न गंजणारी.
कमी दुखणारी तार द्या
असं गिऱ्हाईक तोंडाने म्हणत नाही.
म्हणतं, गिटार हल्ली जड झालीय.
म्हणतं, लाकूड फुगलंय, बघा जरा.

मी तीन पाकिटं मांडली.
अकराचा सेट: फरक पडेल,
पण सकाळच्या हाताला कळायचा नाही.
दहाचा: मऊ, पण आवाज
पेजेत पाणी वाढल्यासारखा.
तिसरा रेशमाचा. म्हणजे पोलादच,
वेटोळ्याच्या आत रेशमाचे धागे,
ताण कमी, गळा किंचित बसलेला.
नायलॉनचं त्यांनी विचारलं. म्हटलं, नको,
त्याला घोडी वेगळी लागते,
या वयात तिचा संसार कशाला हलवा?

त्यांनी रेशमाचं उचललं. नाव आवडलं असावं.

तारा बदलणं सोपं. पुढचं किचकट:
ओढ कमी झाली की गिटारची मान मागे जाते.
चाळीस वर्षं सोसलेलं लाकूड
सुटका झाली म्हणून सरळ होत नाही,
उलटं वाकतं,
आणि तारा पडद्यांना घासून कुरकुरतात.
आतली सळई पाव फेरा ढिली केली. थांबलो.
चहा मागवला. पुन्हा थोडी.
वरच्या खाचा केसभर कानसल्या.
मग अख्खी गिटार अर्धा सूर खाली लावली.
"खाली?"
"पहिल्या घरात कापो लावा, कुणाला कळणार नाही."
"देवाला?"
"त्याला तुम्ही सांगा."

वाड्यावरच्या खुरसाकडे मे महिन्यात लादाईन.
व्हायोलिनवाला मुलीकडे पणजीला गेला, तो गेलाच.
उरल्या ह्या.

त्यांनी सी धरला. बोट चाचपडलं, बसलं.
मी चार तारांचा छोटा एफ दाखवला.
"आळशांचा एफ," त्या म्हणाल्या,
"शाळेत हा धरणाऱ्यांच्या हातावर मी पट्टी मारायचे."
आणि धरला.
पंख्याच्या आवाजात तो एवढासा वाजला,
पण वाजला सगळा.
पुन्हा धरला. तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

निघताना म्हणाल्या, सहावी जुनीच लाव.
म्हटलं, बाई, मान एका अंगाला ओढेल.
"ओढू दे. ती आंगठ्याची तार.
माझ्या आंगठ्याला अजून काही झालेलं नाही."

कचऱ्याच्या डब्यातून वेटोळं काढलं,
पुसलं, चढवलं.
पैसे त्यांनी पाच तारांचेच दिले, मोजून.

रेशमाची सहावी पाकिटातच आहे,
गल्ल्याखालच्या खणात.
वर पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय.