पुतळी

गावाचं नाव मार्च. महिना नोव्हेंबर.
विमानतळावरून येताना मी ह्यावर हसले होते,
विश्राम हसला नाही.

इथे नदी शेतांच्या वरून वाहते.
जमीन काळी, भुसभुशीत, वर्षाकाठी बोटभर खचणारी,
आणि तिच्यासोबत घरही कललेलं.
स्वयंपाकघरात फरशीवर लिंबू पडलं
तर ते आपसूक निघतं
आणि मागच्या दाराशी जाऊन थांबतं.
दारापलीकडे चर. चरात काळं पाणी.
जोआना तिथेच गेली, धुक्यात पाय घसरून.
तो हे दरवेळी एकाच वाक्यात सांगतो,
दरवेळी त्याच शब्दांत.

लग्नात सासूबाईंनी गळ्यात घातली ती सवतीची पुतळी,
नखाएवढी, सोन्याची.
"तिचा मान तिला दिला की ती त्रास देत नाही."
मी कराडला औषधांच्या दुकानात
पंधरा वर्षं गोळ्या मोजलेली बाई,
मेलेल्यांचा हिशेब कधी ठेवला नव्हता.
म्हटलं, बरं.

निओमी नऊ वर्षांची.
बापाशी इंग्रजी, माझ्याशी मोडकं मराठी,
चराशी काहीतरी तिसरंच.
मला ती हाकच मारत नाही.
मीठ हवं असलं तर मिठाकडे बघते.

विश्राम प्रेमळ आहे.
हे लिहून ठेवते, हल्ली विसरायला होतं.
माझा पासपोर्ट तो जपून ठेवतो.
फोनचं बिल तो भरतो, म्हणून नंबर वाचतो.
रात्री पाणी उपसायचा पंप सुरू झाला की
उठून मागचं दार लागलंय का बघतो,
आणि अंथरुणात परत येतो
तेव्हा त्याचे पाय ओले असतात.

रविवारी रिठ्याच्या पाण्यात पुतळी घासायला घेतली.
कडी झिजून तारेएवढी झालेली.
तिच्यात अडकलेला एक केस,
ओढत गेले, ओढत गेले, संपेना.
काळा. कमरेपर्यंतचा.
माझे केस खांद्यावर कापलेले.
जोआनाचे, फोटोत, गव्हाच्या काडासारखे.

तीन महिन्यांत सोनं एवढं झिजत नाही.
आणि जोआना काही स्वतःचीच पुतळी
गळ्यात घालून मेली नव्हती.

सासूबाई,
पुतळी एकच दिलीत.
मान दोघींचा होता ना?

"इथे उभी राहा," निओमी म्हणाली,
कोठीच्या दाराशी. "ताठ."
चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
तिच्या दर वाढदिवसाची एक.
त्यांच्या बऱ्याच वर, मोठ्या माणसांच्या उंचीवर,
आणखी दोन.
एकीपुढे लिहिलेलं, मम्.
दुसरीपुढे नाव नाही, नुसती तारीख.
दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.
स्टुलावर चढून तिनं पेन्सिल माझ्या टाळूवर टेकवली.
टोक लाकडावर किरकिरत गेलं.
"कोण होती ती?"
"ती पण असंच विचारायची," निओमी म्हणाली,
"मम् कशी होती, म्हणून."

रात्री पंप सुरू झाला.
शेजारची उशी रिकामी, अजून कोमट.
पायथ्याशी निओमी उभी,
एका हातात माझे रबरी बूट,
दुसऱ्यात पासपोर्ट.
"त्या बाईला मी सांगितलं नव्हतं," ती कुजबुजली.
"मला ती आवडायची नाही."

मी बूट चढवले. उजवा डाव्यात, मग पुन्हा नीट.
"आणि तू?"
तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं,
जसं मिठाकडे बघते तसं.
पुतळी काढून तिच्या तळहातावर ठेवली,
तिनं मूठ मिटली.
आणि दुसऱ्या हातानं माझं बोट धरलं.

जिना उतरायचा. पुढचं दार डावीकडे.
ती मला कुठल्या बाजूला ओढतेय
हे चौथ्या पायरीपर्यंत कळलं नाही.

मग खाली, अंधारात,
लिंबू निघाल्याचा आवाज आला.
घरंगळत, घरंगळत,
आणि मागच्या दाराशी पोचायच्या आतच
कशाला तरी लागून
थांबलं.