उत्तरेकडचा काठ

हिडकलच्या पाण्याला उत्तरेकडून फारसं कुणी येत नाही.
आम्ही चौघी आलो, मल्लाप्पाच्या ट्रॅक्समधून,
गुडघे, गोळ्या, चुरमुऱ्यांची पिशवी
आणि फिलोमिनाची छत्री घेऊन.

"समुद्रच समजा," मल्लाप्पा म्हणाला.
फिलोमिनाने बोट बुडवून चाखलं.
"अळणी आहे."
तरी आम्ही शिंपले शोधले.
मिळाली बांगडीची एक काच, हिरवी.

पाटी कानडीत. मी अक्षरं जुळवत होते
तोवर नीलव्वा चपला काढून
जुन्या डांबरी रस्त्यावर.
रस्ता सरळ पाण्यात उतरत होता,
कडेला मैलाचा दगड, गळ्यापर्यंत बुडालेला.

"हितनं फुडं दोन मैल," ती म्हणाली,
"माझं माहेर."

निघताना एवढं बोलली नव्हती;
उलट सहलीचे पैसे गोळा करायला तीच पुढे.

शालिनीने फोटो काढला, मग डिलीट केला.
नीलव्वा घोट्याइतक्या पाण्यात गेली,
कानडीत कुणाला तरी हाक मारली,
थोडी थांबली,
आणि वळून म्हणाली,
"चला, च्या कुठं मिळतोय बघूया."

संकेश्वरपर्यंत
तिच्या लुगड्याचा ओला काठ
माझ्या पायाला लागत होता.
चुरमुरे सादळले.
हिरवी काच कुणाकडे राहिली
कुणीच विचारलं नाही.