मार्गाबाहेर

डर्मटनं गाडी सरळ मागितली नाही.
आधी म्हणाला, कॉफी छान झालीय आज.
मग म्हणाला, ऑफिसची व्हॅन गेली,
म्हणजे गेलीच, पोटाला भोक पडलं तिच्या,
नवी येईल एप्रिलात, बजेट आलं तर.
मग खिडकीतून खाली बघत म्हणाला,
ती निळी तुझीच ना, लोरेटा?

माझीच.
अजून एकोणीस हप्ते बँकेची,
पण माझीच.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
नोव्हेंबर ते मे रस्त्यावर मीठ टाकतात.
मीठ गाडीला खालून खातं,
वाळवीसारखं, आवाज न करता.
आवाजातलं मला कळतं, धंदाच तो:
किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन
म्हाताऱ्या मच्छीमारांचे कान तपासते.
चाळीस वर्षं इंजिनाशेजारी उभे राहिलेले कान.
हेडफोन चढवून सांगते,
ऐकू आलं की बोट वर करा.
ते माझ्या चेहऱ्याकडे बघून बोट वर करतात.

किलोमीटरला त्रेपन्न सेंट.
त्यात पेट्रोल, टायर, मीठ
आणि मूस.
मूसचं मी विचारलंच.
अंधारात रस्त्यावर उभं साडेचारशे किलोचं जनावर,
पाय इतके उंच की दिव्यांचा उजेड पोटाखालून निघून जातो;
दिसतं तेव्हा ते मांडीवर आलेलं असतं.
आडवा आला तर कोण भरणार?
डर्मट म्हणाला, मूस शक्यतो टाळावा.

आवळा देऊन कोहळा काढतात म्हणे लोक.
इथे आवळ्याचीही पावती लागते.

फॉर्मला दोन रकाने: कार्यालयीन, खासगी.
घर ते ऑफिस खासगी.
तिथून पुढे कार्यालयीन.
मधे दुधासाठी वळले तर सहाशे मीटर पुन्हा खासगी,
जरी त्या सहाशे मीटरांत
मी कुणाच्या तरी डाव्या कानाचाच विचार करत असले.

मुलीचे स्केट्स डिकीत गेले.
तपासणीची पेटी पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
शनिवारी मुलगी दार उघडून उभीच राहिली.
म्हणाली, ती पुढे बसते
आणि मी मागे?

मार्चमध्ये अझराया पेल्ली.
वय एक्याऐंशी, दोन्ही कानांत नवी यंत्रं,
तासाभरापूर्वी बसवलेली.
न्यायला येणारा पुतण्या आलाच नाही.
हॉलचा माणूस किल्ल्या वाजवत उभा,
आणि अझराया किल्ल्यांकडे असा बघत होता
की कुणीतरी त्या त्याच्यासाठी वाजवतंय.
घर अकरा किलोमीटर, माझ्या वाटेच्या उलट.
पेटी मागे टाकली. बसा म्हटलं.

वळताना उजवा इंडिकेटर लावला.
तो दचकला. हे काय वाजतंय?
इंडिकेटर.
हे गाडीत वाजतं?
सगळ्याच गाड्यांत वाजतं.
माझ्या ट्रकमध्येही वाजायचं?
वाजत असणार.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
वळण संपलं, टिकटिक आपोआप थांबली.
तो म्हणाला, मोडलं का?

मी पुन्हा लावला.
अकरा किलोमीटर सरळ रस्ता,
डावीकडे बर्फ, उजवीकडे समुद्र,
आणि आम्ही सबंध वेळ
आत्ता वळतो, आत्ता वळतो असं सांगत गेलो.
मागे कुणी नव्हतं.
असतं तर शिव्याच घातल्या असत्या.

परत येताना मी एकटी होते.
थोडा वेळ लावून पाहिला. मग बंद केला.

हिशेब विभागाकडून कागद परत आला:
बावीस किलोमीटर मार्गाबाहेर, कारण द्या.
अकरा डॉलर सहासष्ट सेंटचं कारण.
मी लिहिलं: उजवा इंडिकेटर नीट चालतो का ते तपासलं.
उत्तर आलं: नामंजूर.
वाहनाची देखभाल खासगी रकान्यात येते.

एप्रिल गेला. व्हॅन आली नाही.
डर्मट म्हणतो, कॉफी छान झालीय.
पुढची सीट अजून मागे कललेली आहे
अझरायाच्या पाठीइतकी.
पेटी तिच्यावर तिरकी बसते.